गाव तेथे ग्रंथालय : बडोदे संस्थानातील एका लोककार्याचा इतिहास

आपल्याकडे दानाचे अनेक प्रकार सांगितले आहेत. अन्नदानाने एका वेळची भूक भागते, वस्त्रदानाने एका हिवाळ्याची थंडी निभते. विद्यादान मात्र घेणाऱ्याच्या नातवंडांपर्यंत पुरते, असे जुनी जाणती माणसे म्हणत असत. पूर्वी खेड्यात ग्रंथ असे तो बहुधा देवळात किंवा एखाद्या शास्त्री-जोशांच्या घरी, तांबड्या फडक्यात बांधून ठेवलेला. चातुर्मासात पोथी सुटे, एक जण वाची आणि सारा गाव ऐके. ही सोय लहान नव्हती. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही तिच्यामुळे ग्रंथाचा लाभ होत असे. परंतु पोथी ज्याच्या हाती तो एकटा वाचक आणि बाकीचे सारे श्रोते, अशीच स्थिती शतकानुशतके राहिली.

कुणब्याच्या, सुताराच्या, विणकराच्या किंवा घरी बसलेल्या एखाद्या विधवा भगिनीच्या हाती तिला हवे ते पुस्तक यावे, त्यास पैसा पडू नये, आणि ते कोणा धनिकाच्या मेहेरबानीने नव्हे तर गावकीच्या हक्काने यावे, हा विचार आपल्या देशात प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलात आला तो बडोदे संस्थानात, इ. स. १९१० च्या सुमारास. त्यामागचा राजा मराठी होता आणि खेड्यात वाढलेला होता. म्हणून हा इतिहास महाराष्ट्रातील ग्रामस्थांनी मुद्दाम माहीत करून घ्यावा असा आहे.

कवळाण्याचा गोपाळ

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे गाव आहे. तेथील काशीराव गायकवाड यांच्या घरी ११ मार्च १८६३ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव गोपाळ. घर शेतकऱ्याचे. नाते बडोद्याच्या राजघराण्याशी, परंतु ते दूरचे. सन १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत केले, तेव्हा खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांनी दत्तक घेण्याचे ठरविले आणि गोपाळरावाची निवड झाली. २७ मे १८७५ रोजी त्याला दत्तक घेण्यात आले आणि तो सयाजीराव (तिसरे) या नावाने गादीवर आला. त्या वेळी त्याचे वय बारा वर्षांचे होते.

बडोद्यास येईपर्यंत या मुलाचे शालेय शिक्षण झाले नव्हते म्हटले तरी चालेल. गुरे, शेत, पाटाचे पाणी हे त्याचे जग. मुलुखाचा कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते आणि बालराजाच्या शिक्षणासाठी इलियट नावाचे इंग्रज अधिकारी नेमले होते. ज्या वयात इतर मुले मोठमोठी पुस्तके वाचतात, त्या वयात सयाजीरावांनी अक्षरे गिरविण्यास आरंभ केला. त्यांनी हा अनुशेष इतक्या चिकाटीने भरून काढला, की पुढे जन्मभर वाचनाची सवय सुटली नाही. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांच्याकडे राज्याचे पूर्ण अधिकार आले. खेड्यातील मुलाला पुस्तक मिळाले नाही तर काय होते आणि मिळाले तर काय होते, या दोन्ही गोष्टी या राजाने स्वतः अनुभवल्या होत्या.

शाळा आली, पुढे काय?

सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील दहा गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. तो यशस्वी झाल्यावर १९०६ मध्ये साऱ्या संस्थानास सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण लागू झाले. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदे कौन्सिलात मांडले, तेव्हा त्यांनी बडोद्याचा दाखला दिला होता. ते विधेयक १९१२ मध्ये नामंजूर झाले. ब्रिटिश सरकारला जे परवडत नव्हते ते सुमारे २० लाख वस्तीच्या एका संस्थानाने करून दाखविले होते.

परंतु शाळा निघाल्यावर दुसरी अडचण दिसू लागली. मुलगा चौथी-पाचवीपर्यंत शिकतो, मग औताच्या मागे जातो. घरात छापील कागद नसतो. पाच-सात वर्षांत तो शिकलेले विसरतो आणि सहीपुरता साक्षर उरतो. सरकारने शिक्षणावर केलेला खर्च अशा रीतीने मातीत जातो. विहीर खणून तिच्यावर मोट न बसविण्यासारखेच हे झाले. शाळेत लागलेली गोडी पुढे टिकवायची तर गावात पुस्तके हवीत, ती सतत बदलती हवीत आणि ती फुकट मिळाली पाहिजेत, हा निष्कर्ष यातून निघाला.

अमेरिकेहून आलेले ग्रंथपाल

सयाजीराव १९०६ मध्ये आणि पुन्हा १९१० मध्ये अमेरिकेस गेले होते. तेथे गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये लोकांच्या करातून चालतात, कोणीही आत जाऊन पुस्तक मागू शकतो, हे त्यांनी पाहिले. कनेटिकट राज्यातील न्यू हेवन या शहरी यंग मेन्स इन्स्टिट्यूट नावाच्या संस्थेचे ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बोर्डन यांना त्यांनी बडोद्यास बोलावून घेतले. बोर्डन १९१० ते १९१३ अशी तीन वर्षे बडोद्यास राहिले. संस्थानच्या ग्रंथालय खात्याची घडी त्यांनी बसविली.

प्रथम राजधानीत मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. महाराजांनी राजवाड्यातील स्वतःच्या संग्रहातून सुमारे २०,००० ग्रंथ त्यास दिले. राजाचे पुस्तक रयतेच्या हाती देण्याचा हा प्रकार त्या काळी नवाच होता. वाचकाने खिडकीशी उभे राहून चिठ्ठी द्यावी आणि शिपायाने पुस्तक आणावे, या पद्धतीऐवजी वाचकाला थेट कपाटापाशी जाऊ देण्याची पद्धत बोर्डन यांनी घातली. या ग्रंथालयाच्या पुढील इमारतीत लोखंडी मांडण्या आणि जाड काचेची जमीन केलेली आहे. वरच्या मजल्यावरचा उजेड काचेतून खालच्या मजल्यावर उतरतो. दिव्याची ज्योत पुस्तकांजवळ न्यावी लागू नये, हा त्यामागचा व्यवहार.

१९११ मध्ये बडोद्यास ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग सुरू झाला. हिंदुस्थानातील तो अशा प्रकारचा पहिला वर्ग समजला जातो. १९१२ पासून ग्रंथालय विषयाला वाहिलेले एक त्रैमासिक निघू लागले. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत मजकूर असे. बोर्डन परत गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर आणि त्यानंतर न्यूटन मोहन दत्त यांनी हे खाते सांभाळले. दोघांनीही या कार्याची हकिगत ग्रंथरूपाने लिहून ठेवली. कुडाळकरांचा ग्रंथ १९१९ मधील आणि दत्तांचा १९२८ मधील आहे.

मोतीभाई मास्तर

केवळ राजाज्ञेने गावोगावी ग्रंथालये निघाली असे कोणी समजू नये. सरकारी खाते निघण्याच्या आधी एक साधा शिक्षक कामाला लागला होता. चरोतर भागातील मोतीभाई अमीन (१८७३–१९३९) यांनी १९०६ च्या सुमारास 'मित्रमंडळ' या नावाखाली खेड्यापाड्यांत लहान लहान ग्रंथालये काढण्यास सुरुवात केली. गावातील चार मित्र एकत्र करावेत, त्यांनी थोडी थोडी वर्गणी काढावी, तीतून पुस्तके व वर्तमानपत्रे घ्यावीत आणि ती साऱ्या गावाला वाचू द्यावीत, अशी ही सरळ रीत होती. बोर्डन येण्याच्या आधीच बडोदे सरकारने या ग्रंथालयांना मदत देण्यास आरंभ केला होता.

पुढे मोतीभाई स्वतः ग्रंथालय खात्यात आले. त्यांनी गावोगाव हिंडून ग्रंथालये काढविली. लहान ग्रंथालयांना पुस्तके, नोंदवह्या व इतर साहित्य वाजवी दरात मिळावे म्हणून त्यांच्या प्रेरणेने सहकारी मंडळीही निघाली. ज्याला एकट्याने पुस्तक घ्यायचे तर महाग पडते, त्याला दहा गावांनी मिळून घेतले तर स्वस्त पडते, हे गणित त्यांनी लोकांना पटवून दिले. अमेरिकेच्या ग्रंथपालाने पद्धत दिली, राजाने पैसा दिला. पण गावच्या पारावर बसून लोकांची समजूत घालण्याचे काम मोतीभाईंसारख्यांनी केले. गुजरातेत त्यांना ग्रंथालय चळवळीचे जनक मानतात.

तिसऱ्या हिश्श्याचा नियम

या योजनेचा खरा गाभा तिच्या अनुदानाच्या नियमात होता. नियम असा. एखाद्या गावाने ग्रंथालयासाठी वर्षाला जेवढी वर्गणी जमविली, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने द्यावी. याला मर्यादा घातलेली होती. खेड्यासाठी १०० रुपये, कसब्याच्या गावासाठी ३०० रुपये आणि प्रांताच्या मुख्य ठिकाणासाठी ७०० रुपये. म्हणजे खेड्याने १०० रुपये उभे केले की वर्षाला ३०० रुपये हाती येत. ४० रुपयेच जमले तर १२० रुपये. काहीच जमले नाही तर काहीच नाही. ग्रंथालयाची इमारत बांधण्यासाठीही याच तिहेरी तत्त्वावर मदत मिळत असे.

त्या काळचे १०० रुपये ही खेड्याच्या दृष्टीने थोडी रक्कम नव्हती. मग राजाने सारा खर्च खजिन्यातून का केला नाही, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. पैसा नव्हता असे नाही. परंतु फुकट मिळालेल्या वस्तूची वास्तपुस्त कोणी करीत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. ज्याने आठ आणे दिले तो माणूस महिन्याने येऊन विचारतो, की कपाट उघडले का, वर्तमानपत्र आले का, अमक्याने नेलेले पुस्तक परत केले का. ज्याने काहीच दिले नाही तो विचारीत नाही. वर्गणीबरोबर हिशेब मागण्याचा अधिकार येतो आणि हिशेब मागणारे लोक असले म्हणजे संस्था टिकते. शिवाय या नियमात गावाचा मानही राखला जात होता. सरकार देते आणि गाव हात पसरतो, असा प्रकार नव्हता. तिघे भागीदार होते आणि पहिला पैसा गावाचा पडल्याखेरीज इतर दोघांचा पैसा सुटत नव्हता.

या नियमामुळे गावागावांत चढाओढ लागली. लग्नकार्यात, सणावारी ग्रंथालयासाठी देणगी काढण्याची रीत पडू लागली. कोठे शाळेच्या खोलीत, कोठे धर्मशाळेत, कोठे चावडीवर कपाट मांडले जाई. काही ठिकाणी स्वतंत्र इमारती झाल्या. ग्रंथालय चालविणे ज्यांना शक्य नव्हते तेथे निदान वर्तमानपत्रांचे वाचनालय तरी असे. वीस-पंचवीस वर्षांत संस्थानच्या चारही प्रांतांत, म्हणजे बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली येथे, अशी शेकडो ग्रामग्रंथालये झाली.

पुस्तकांची फिरती पेटी

ज्या गावाला एवढीही वर्गणी झेपत नव्हती त्याचे काय? त्यासाठी १९११ मध्ये फिरती ग्रंथालये सुरू करण्यात आली. फिरते ग्रंथालय म्हणजे एक मजबूत लाकडी पेटी. तिच्यात १५ ते ३० पुस्तके बसत. गावातील शाळामास्तर किंवा दुसऱ्या जबाबदार गृहस्थाने मागणी करावी, की बडोद्याहून पेटी निघे. जाण्या-येण्याचे भाडे सरकार भरी. गावाला एक पैसाही पडत नसे. काही महिन्यांनी ती पेटी परत जाई आणि दुसरी येई. काही पेट्यांत ठराविक पुस्तके असत, तर काहींत मागणीप्रमाणे निवडून घातलेली असत.

पेटीतील युक्ती लक्षात घेण्यासारखी आहे. गावाने ३० पुस्तके विकत घेतली तर ती वर्षभरात वाचून संपतात आणि कपाटात धूळ खातात. पण दहा गावांच्या अशा ३०-३० पुस्तकांच्या पेट्या आपापसांत फिरल्या तर प्रत्येक गावाला ३०० पुस्तकांचा लाभ होतो आणि प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च ३० पुस्तकांएवढाच राहतो. गावच्या जत्रेचा पाळणा जसा एकच असून दहा गावांच्या मुलांना मिळतो, तसे हे झाले.

पुस्तके पाठवायची तर ती लोकांच्या भाषेत असली पाहिजेत. त्या काळी शेती, आरोग्य, इतिहास, कायदा अशा विषयांवर गुजराती व मराठी पुस्तके थोडी होती. यास्तव सयाजीरावांनी १९१२ मध्ये दोन लाख रुपये वेगळे काढून त्यांच्या व्याजातून गुजराती व मराठी पुस्तके प्रसिद्ध करण्याची व्यवस्था केली. 'श्री सयाजी साहित्यमाला' ती हीच. संस्कृत हस्तलिखितांकडेही दुर्लक्ष झाले नाही. गावोगावहून ती जमवून मध्यवर्ती ग्रंथालयात ठेवली आणि १९१६ मध्ये राजशेखराच्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथापासून गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली. हा विभाग पुढे १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर म्हणून स्वतंत्र झाला. एका हाताने पंडितांचे ग्रंथ जपणे आणि दुसऱ्या हाताने कुणब्याच्या घरी पेटी धाडणे, अशी दोन्ही कामे एकाच खात्यात चालत होती.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी

इतके करूनही बहुसंख्य प्रौढ निरक्षरच होते. त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्याने चित्रांचा विभाग काढला. जादूचा कंदील आणि चलचित्राचे यंत्र घेऊन खात्याचे लोक खेड्यांत जात. रात्री मैदानात पांढरा पडदा लावून परदेशची शहरे, रोगराईची कारणे, शेतीच्या सुधारणा दाखवीत. दोन भिंगांतून पाहिले असता चित्र उठावदार दिसते, असे स्टिरिओस्कोप नावाचे यंत्रही चित्रांसह गावोगाव पाठविले जाई. ज्या बाईने तालुक्याचे गाव पाहिले नव्हते तिला त्या भिंगांतून दूरदेशचा समुद्र दिसत असे. चित्र पाहिल्यावर 'हे कोठे लिहिले आहे?' असे कोणी विचारले, की तेथूनच पुस्तकाची वाट सुरू होते.

मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी व मुलांसाठी वेगळी व्यवस्था केली होती. मुलांच्या दालनात पुस्तकांबरोबर खेळही असत. खेळायला आलेले मूल पुस्तकाला हात लावील आणि हात लावलेले पुस्तक कधी तरी उघडील, असा साधा हिशेब त्यामागे होता.

चित्राची दुसरी बाजू

इतिहास सांगताना उणे झाकून ठेवू नये. वर्गणीच्या नियमाने जशी गावे उभी राहिली तशी काही मागेही पडली. ज्या गावात पुढाकार घेणारा माणूस होता तेथे कपाट भरले. तो माणूस गेला, बदलून गेला किंवा गावात तट पडले, की वर्गणी थांबे. वर्गणी थांबली की दोन्ही अनुदाने थांबत. मग कपाटाला कुलूप पडे.

याहून मोठी उणीव समाजाची होती. ग्रंथालय सर्वांसाठी असे नियमात लिहिले, तरी कपाट ज्या ओटीवर किंवा चावडीवर असेल तिची पायरी त्या काळी सर्वांना चढता येत नव्हती. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी सयाजीरावांनी शाळा काढल्या होत्या, शिष्यवृत्त्या दिल्या होत्या. बडोदे सरकारच्याच शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. शिक्षण घेऊन १९१७ मध्ये करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास आले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. एका पारशी पथिकाश्रमात ते उतरले, तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले.

देशात ग्रंथांची सर्वांत चांगली सोय ज्या शहरात होती, तेथेच त्या पिढीतील एका थोर ग्रंथप्रेमी माणसाला रात्रीपुरते छप्पर मिळू नये, ही गोष्ट विसरता येत नाही. राजा कपाट उघडू शकतो, पण शेजाऱ्याचे दार उघडणे शेजाऱ्याच्याच हाती असते. पुढे बाबासाहेबांनी मुंबईस दादर येथे 'राजगृह' बांधले ते ग्रंथांना जागा मिळावी म्हणून. ग्रंथालयाचे यश पुस्तकांच्या संख्येवर मोजायचे, की तेथे कोण कोण बसू शकते यावर, याचा निवाडा या एका हकिगतीवरून होतो.

बैलगाडी, होडी आणि उंट

बडोद्याप्रमाणे इतर ठिकाणीही लोकांनी नाना युक्त्या केल्या. अमेरिकेत मेरीलँड राज्यातील वॉशिंग्टन परगण्यात मेरी टिटकोंब या ग्रंथपाल बाईंनी प्रथम खेड्यांतील दुकानांत व पोस्टात पुस्तकांच्या पेट्या ठेवल्या. तेवढ्याने भागेना, म्हणून १९०५ मध्ये दोन घोड्यांची पुस्तकगाडी शेतवाड्यांवर धाडली. गाडीचा रंग काळसर होता. प्रेत नेण्याची गाडी समजून एका शेतकऱ्याने तिला दाराशी थांबू दिले नाही, असे सांगतात. तेव्हा तिच्या दारांना लाल रंग देण्यात आला. १९१० मध्ये रेल्वेचे फाटक ओलांडताना मालगाडीची धडक बसून ती गाडी मोडली. १९१२ पासून तेथे मोटार आली. त्याच देशात मंदीच्या काळात, १९३५ ते १९४३ या वर्षांत, केंटकीच्या डोंगरांत बायका घोड्या-खेचरांवर पुस्तके लादून वस्त्यावस्त्यांवर नेत असत.

दक्षिणेत तंजावर भागात मन्नारगुडी येथे एस. व्ही. कनकसभाई पिळ्ळै यांनी १९३१ मध्ये पुस्तकांची बैलगाडी तयार केली. ग्रंथालयशास्त्राचे थोर जाणकार डॉ. शि. रा. रंगनाथन यांचे या कामास पाठबळ होते. केरळात पी. एन. पणिक्कर या शिक्षकांनी गावोगावची ग्रंथालये जोडीत १९४५ मध्ये ४७ ग्रंथालयांचा संघ उभा केला, तो पुढे हजारोंवर गेला. १९ जून हा त्यांचा स्मृतिदिन केरळात वाचन दिन म्हणून पाळला जातो. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील वस्त्यांना १९५९ पासून २०२० पर्यंत पुस्तकांची बोट जात असे. आफ्रिकेत केनिया देशाच्या गारिसा भागात १९९६ मध्ये उंटांवरून पुस्तके नेण्यास सुरुवात झाली. साधन जागेप्रमाणे बदलले, परंतु वाचक येत नसेल तर पुस्तकाने जावे, हे तत्त्व सगळीकडे एकच.

महाराष्ट्रातील वाटचाल

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ मधील मानले जाते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मधील, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधील आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मधील. परंतु ही बहुतेक शहरे. ग्रंथालयाचा कायदा प्रथम केला तो कोल्हापूर संस्थानाने, १९४५ मध्ये. १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम मंजूर झाला आणि गावच्या ग्रंथालयांना वर्गवारीनुसार अनुदान मिळण्याचा मार्ग खुला झाला. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. ज्या मुलुखात ही चळवळ जन्मली तो पुढे गुजरात राज्यात गेला आणि तेथे ग्रंथालयाचा कायदा होण्यास २००१ साल उजाडावे लागले. मधल्या काळात जी ग्रामग्रंथालये जगली त्यांत गावकऱ्यांच्या जिव्हाळ्याचा वाटा मोठा होता.

अलीकडेही नवे प्रयत्न झाले आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला. देणगीदारांच्या पैशांतून पुस्तकांच्या पेट्या भरायच्या, त्या वाचकांच्या गटाकडे ठेवायच्या आणि ठराविक काळाने आपापसांत बदलायच्या, अशी ही पद्धत. बडोद्याच्या लाकडी पेटीचेच हे नवे रूप म्हणावे लागेल. या पेट्या दुबईसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबांपर्यंतही पोचल्या. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर-पाचगणीजवळचे भिलार हे गाव ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचे गाव' म्हणून जाहीर झाले. स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या या गावातील पंचवीस ठिकाणी, कोणाच्या घरात तर कोणाच्या पडवीत, सुमारे १५,००० पुस्तके मांडण्यात आली. आलेल्या पाहुण्याने बसावे, वाचावे आणि पुस्तक जागेवर ठेवून जावे, अशी ही व्यवस्था.

उरलेला तिसरा हिस्सा

सयाजीराव महाराजांचे ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस निधन झाले. मोतीभाई अमीन हेही त्याच वर्षी निवर्तले. राजा आणि मास्तर एकाच वर्षी गेले. संस्थानही दहा वर्षांनी संपले. मध्यवर्ती ग्रंथालय मात्र बडोद्यास उभे आहे आणि त्या काचेच्या जमिनीवरून वाचक चालतात.

या साऱ्या इतिहासातून देणगीदारांनी व ग्रामस्थांनी घेण्यासारखी गोष्ट एकच आहे. वास्तू उभी करताना लोकांचा उत्साह मोठा असतो. पावत्या फाटतात, नावे लागतात, कळस चढतो. ग्रंथालयाची कसोटी त्यानंतरच्या दहाव्या वर्षी लागते. तेव्हा उद्घाटन नसते, फक्त रोज सायंकाळी कुलूप काढणे असते. जीर्णोद्धार जसा वास्तूचा करावा लागतो तसा पुस्तकांच्या कपाटाचाही करावा लागतो. अनेक गावांत शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या एखाद्या खोलीत असे कपाट आजही बंद पडलेले आढळते. त्याची किल्ली शोधावी, वाळवी लागलेली पुस्तके वेगळी काढावीत, उरलेल्यांची यादी करावी, फाटलेल्यांना पुठ्ठा चढवावा आणि आठवड्यातून निदान दोन दिवस ठरल्या वेळी ते उघडण्याची जबाबदारी एका नेमक्या माणसावर सोपवावी. कपाट अशा जागी ठेवावे, की जेथे गावातील कोणत्याही घरातील मुलीला एकटीने येऊन पुस्तक नेता येईल.

एवढे झाले, की गावाचा तिसरा हिस्सा भरला. पुढचे दोन हिस्से मागण्यासाठी मग हक्काने जाता येते.